वाफेवरची फळी

एप्रिल संपता संपता खाडीतल्या पिंजऱ्यांमधले मासे पोटं वर करून तरंगायला लागले. रोग कसला होता ते शेवटपर्यंत कुणी नीट सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी मासे सोलायच्या कारखान्याच्या फाटकापाशी, भर पावसात, मुकादमीण कागद घेऊन उभी राहिली आणि नावं वाचायला लागली. एदुविना नाउतोचं नाव एकसष्टावं होतं. नाव आलं की पुढे व्हायचं, सही करायची, एप्रन, टोपी आणि रबरी बूट परत द्यायचे.

"बूट कसे देऊ?" एदुविना म्हणाली. "सकाळी हेच घालून आलेय."

"बूट कारखान्याचे आहेत, बाई," मुकादमीण म्हणाली. "माझेही घेतायत."

बसने तिला बेटावरच्या तेउकाय वाडीच्या वळणावर सोडलं तेव्हा तिने मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि चिखलातून घरापर्यंत दीड किलोमीटर चालत आली. दारात नवरा होता, नोल्बेर्तो. तो होडी घेऊन खेकडे धरायचा. त्या दिवशी वारा होता म्हणून घरी होता. तिच्या पायांकडे बघून तो म्हणाला, "अख्खा बाजार पायांत भरून आणलास की काय?"

"संपलं," एदुविना म्हणाली.

तो दारातून बाजूला झाला आणि तिला चुलीसमोर बसायला जागा दिली.

सेहेचाळीस वर्षांचं वय. त्यातली एकोणीस वर्षं ती एकाच टेबलापाशी उभी होती. समोरून माशाची सोललेली पट्टी यायची, तिच्यावरून बोटं फिरवायची, काटा लागला की चिमट्याने उपटायचा, पट्टी पुढे ढकलायची. मिनिटाला चार. थंडीने उजव्या हाताची दोन बोटं वाकली होती. सकाळी ती कोमट पाण्यात धरल्याशिवाय सरळ होत नसत. पण त्या बोटांना भाताच्या तुसाएवढा काटाही मांसाच्या आत लपला असला तरी कळायचा.

पुढचा महिनाभर ती सवयीने पाचला उठायची, चूल पेटवायची आणि बसून राहायची. लाकडं फोडून झाली, डुकराचं खुराडं साफ करून झालं, बटाट्यांचे कोंब मोडून झाले. पोरगी समुद्रापलीकडे पुएर्तो मोंतला नर्सिंग शिकत होती. ती फोनवर म्हणायची, "आई, आता आराम कर." एदुविना हो म्हणायची. आराम कसा करतात ते तिला माहीत नव्हतं.

जूनमध्ये नोल्बेर्तोच्या होडीत पाणी यायला लागलं. थोडंथोडकं नाही, तासाला पाच बादल्या. त्याने भरतीला होडी ओढून आब्दोन चिगुआयच्या शेडखाली आणली.

आब्दोन मेस्त्री त्र्याहत्तर वर्षांचा. आमच्या किनाऱ्यावर लाकडाच्या होड्या बांधणारे पूर्वी सात जण होते. आता तो एकटा. लोक फायबरच्या होड्या घ्यायला लागले. मेस्त्रीचा मुलगा मुख्य भूमीवर ट्रक चालवायचा. मेस्त्रीचा उजवा खांदा वर्षभरापासून वर उचलत नव्हता, आणि ते तो कुणाला सांगत नव्हता.

"सप्टेंबरात बघू," तो नोल्बेर्तोला म्हणाला.

"सप्टेंबरापर्यंत मी काय खाऊ, मेस्त्री? फळ्या?"

"मऊ आहेत. खाता येतील."

नोल्बेर्तो शिव्या देत घरी आला. दुसऱ्या दिवशी एदुविना एकटीच शेडवर गेली. म्हातारा शेकोटीपाशी बसून नळीने माते, तो कडू पानांचा काढा, पीत होता.

"यात काय काम आहे ते मला सांगा," ती म्हणाली. "मी करते."

"तू?"

"घरात बसून मला वेड लागायची वेळ आलीय."

म्हाताऱ्याने नळी ओढत तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं. त्यात आलेर्से झाडाची वाळलेली साल होती. "हिचा काथ्या करायचा. पिंजून, केसासारखा. पूर्वी बायकाच करायच्या हे काम. माझी आई करायची."

तीन दिवस ती ओंडक्यावर बसून साल पिंजत होती. धूळ नाकात जायची, बोटांना बारीक कुसं लागायची. पाऊस शेडच्या पत्र्यावर एकसारखा वाजत होता. म्हातारा होडीखाली वाकून, पाठीवर पडून, कंदील धरून गळती शोधत होता. दोन सांधे उकलले, पुन्हा बुजवले. होडीत पाणी भरून बघितलं तर खाली जमीन ओली होत होती, पण थेंब नेमका कुठून निघतो ते कळेना. लाकडावरून ओघळत यायचा आणि भलतीकडेच पडायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी एदुविना उठली, हात पुसले आणि होडीच्या पोटावरून तळवा फिरवायला लागली. पुढून मागे, एकेक फळी. म्हातारा हसला. "गाय आहे का ती?"

ती थांबली. मागे आली. दोन वाकड्या बोटांनी एकच जागा पुन्हा चाचपली. "इथं."

"तिथं काही नाही. ती फळी मी स्वतः बघितली."

"इथं आत काहीतरी वेगळं आहे."

म्हाताऱ्याने चाकू काढला आणि चिडूनच टोक टेकवलं. रंगाचा पापुद्रा फुटला आणि चाकू मुठीपर्यंत आत गेला. आतून फळी भुसा झाली होती. त्याने चाकू ओढून काढला आणि भुसा बोटांवर चोळून बघितला.

"कुठं शिकलीस?"

"काटे काढताना."

त्याने कपाळ खाजवलं, आत गेला आणि लाकडी हातोडा आणि बोथट छिन्नी घेऊन आला. "नवी फळी मी बसवतो. सांध्यात काथ्या तू ठोक. आवाज ऐकायचा. भदभद वाजतं तोवर सैल आहे. खणखणीत वाजलं की थांबायचं. त्यानंतर एक घाव जास्त घातलास तर फळी चिरेल."

पहिल्या दिवशी तिने चार वेळा स्वतःच्या बोटांवर हातोडा मारला. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. एराल्दो मान्सिया, जो खाडीत दोरांवर शिंपले वाढवायचा, तो गाडी थांबवून म्हणाला, "काय गं एदुविना, मासे संपले म्हणून आता होडी सोलतेस?" बाकीचे हसले. तिने मान वर केली नाही. तिला आवाज ऐकायचा होता. संध्याकाळी हाताच्या लांबीएवढा एक सांधा खणखणीत वाजला. तिने तो तीन वेळा वाजवून बघितला.

घरी जाताना तिच्या लक्षात आलं की दिवसभरात तिने एकदाही घड्याळ बघितलं नव्हतं.

होडी पाण्यात गेली, कोरडी राहिली, नोल्बेर्तो खेकड्यांवर गेला. एदुविना दुसऱ्या दिवशी पुन्हा शेडवर हजर.

"होडी झाली ना," मेस्त्री म्हणाला.

"झाली. आता मला पुरतं शिकवा. बांधायला."

"वय किती तुझं?"

"सेहेचाळीस."

"मी अकराव्या वर्षी लागलो होतो, बाई."

"म्हणजे पस्तीस वर्षं मागे आहे मी. मग उगाच बोलत कशाला बसायचं? सुरुवात करू."

त्या दिवशी म्हाताऱ्याने तिला तासणीला धार लावायला बसवलं. आठ दिवस ती नुसती धारच लावत होती.

ऑगस्टात एराल्दोच शेडवर आला. त्याला नऊ मीटरची लाँच हवी होती, शिंपल्यांच्या दोरांना पुरेल एवढी रुंद. फायबरची त्याला परवडत नव्हती, आणि उथळ पाण्यात खडकावर घासून टिकणारीही नव्हती. पण म्हाताऱ्याचा खांदा त्याने बघितला होता.

"बांधणार कोण? तुम्हाला तर टोपी डोक्यावर घालता येत नाही."

"हात हिचे. डोळे माझे," मेस्त्री म्हणाला.

एराल्दो एदुविनाकडे वळला. तिच्या अंगावर नवऱ्याचा जुना कोट होता आणि केसांत भुसा. "मला डिसेंबरात पाहिजे. बुडाली तर?"

"पोहता येतं ना तुला?" एदुविना म्हणाली.

तो हसला नाही, पण डिसेंबरवर अडून त्याने हो म्हटलं.

मग काम सुरू झालं. ऊल्मो झाडाचा एक अख्खा बुंधा तासून तळाचा कणा केला. तासणी पायांच्या मधून, स्वतःकडे ओढत चालवायची. चुकली तर नडगीच जाते. पहिल्या आठवड्यात तिला रात्री कूस बदलता येत नव्हती. कमरेपासून मानेपर्यंत एक दुखरी फळीच बसवल्यासारखी वाटायची. नोल्बेर्तो मेंढीची चरबी चोळून द्यायचा आणि बोलायचा, "कारखान्यात निदान चार भिंती तरी होत्या." ती उशीत तोंड खुपसून म्हणायची, "खाली चोळ. अजून खाली."

कणा उभा राहिला, फासळ्या चढल्या. सप्टेंबरात तर शेडमध्ये मोठ्या जनावराचा सांगाडा उभा आहे असं रस्त्यावरून दिसायचं. मेस्त्री ओंडक्यावर बसून डाव्या हाताने खुणा करायचा. चूक झाली तर ओरडायचा नाही. नुसतं "हं" म्हणायचा. त्या "हं"ची तिला धास्ती वाटायची.

मोठी चूक ऑक्टोबरात झाली. सिप्रेस लाकडाची सात मीटरची एक फळी होती, गाठ नसलेली, मेस्त्रीने स्वतः पाडलेल्या झाडाची, बारा वर्षं वाळवलेली. ती कण्यालगत बसायची होती. एदुविनाने माप घेतलं, खूण केली, करवत चालवली. लावून बघितली तर चार बोटं आखूड. तिने माप फासळीच्या आतून घेतलं होतं.

मेस्त्रीने फळीकडे पाहिलं. "हं"सुद्धा म्हणाला नाही. काठी घेतली आणि पावसात घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ती त्याच्या घरी गेली. म्हातारा चुलीपाशी, पाठ करून बसला होता.

"तशी फळी दुसरी कुठं मिळेल?"

"नाही मिळणार."

"ते नाही विचारलं मी. कुठं मिळेल ते विचारलं."

चुलीत लाकूड सरकवत तो म्हणाला, "टेकडीपलीकडे सातुर्निनो ओयार्सूनकडे असेल. तो विकत नाही. पैशाने तर नाहीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी एदुविनाने डुकराच्या पायाला दोरी बांधली आणि टेकडी चढायला लागली. डुकराला जायचं नव्हतं. चार तास लागले. ओयार्सून म्हाताऱ्याने डुकराच्या पाठीवर थाप मारली, कान बघितले, दात बघितले, आणि कोठाराचं दार उघडलं. परतताना त्याच्या बैलांमागे दोन फळ्या घासत आल्या. दुसरी तिने घासाघीस करून मिळवली होती.

नोल्बेर्तोला खुराडं रिकामं दिसलं तेव्हा तो तसाच घराकडे वळला. मग आत येऊन टोपी टेबलावर आपटली.

"पोरगी सुट्टीला आली की कापायचं होतं ते."

"माहितीये."

"दुसऱ्याच्या होडीसाठी आपलं डुक्कर दिलंस तू."

"माझ्या चुकीसाठी दिलं. फळी मी कापली होती."

"आणि आम्ही काय खायचं? माप?"

"बटाटे आहेत. खेकडे तू आणतोस."

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. भांडी मात्र नेहमीपेक्षा जास्त वाजवली. शेडमध्ये मेस्त्री परत आला होता. नव्या फळीवर त्याने नाक टेकवून वास घेतला. "सातुर्निनोने दिली?" तो म्हणाला. "मला नाही दिली कधी." आणि आखूड पडलेली फळी वाया जाणार नाही, पुढच्या बाजूला वरती बसेल, हे त्यानेच दाखवलं.

नोव्हेंबरात एका रविवारी इल्दा आली. ती कारखान्यात टेबलापाशी एदुविनाच्या डाव्या बाजूला उभी राहायची, सगळी एकोणीस वर्षं. आल्या आल्या तिने एदुविनाला मिठी मारली.

"कारखाना उघडतोय. यादी लागली. तुझं नाव आहे, मी डोळ्यांनी बघितलं. उद्या सकाळी सातला बस वळणावर येणार, फाटकावर सही करायची. नाही केली तर दुसरीला घेणार."

नोल्बेर्तोने लगेच माते भरलं, बटाट्याचे मिल्काओ तव्यावर टाकले, इल्दाला दोनदा बसायला सांगितलं. एदुविना मिल्काओ उलटत राहिली. इल्दा निघताना म्हणाली, "सातला हं. मी जागा धरते." एदुविना तिला दारापर्यंत सोडायला गेली आणि तिचा हात घट्ट दाबून आत आली.

"कोट वाळत टाकतो तुझा," नोल्बेर्तो म्हणाला.

"उद्या फळी वाकवायचीय. पाचला वाफ चढवायचीय."

"उद्या बस आहे."

"ऐकलं मी."

त्याने खुर्ची ओढली आणि समोर बसला. "एदु, सरळ बोलू. मेस्त्री आज आहे, उद्या नाही. लाकडाच्या होड्या कोण घेतं? हा एराल्दो झाला, पुढं कोण? पोरीचं अजून दीड वर्ष आहे. तिथं महिन्याच्या महिन्याला पगार आहे."

"आहे. त्या पगारावर हे घर उभं राहिलं. मी नाही म्हणत नाही."

"मग?"

एदुविनाने तवा उतरवला. ती त्याच्यासमोर बसली. असं कधी बोलायची वेळच आली नव्हती.

"एकोणीस वर्षांत मी एकाही माशाचं डोकं बघितलं नाही, नोल्बेर्तो. माझ्यापर्यंत यायच्या आधीच ते गेलेलं असायचं. माझ्याकडून पुढं गेला की तो कुठं जातो, कोण खातं, काही माहीत नाही. दिवसाला दोन हजार पट्ट्या. संध्याकाळी मी काय केलं असं कुणी विचारलं तर दाखवायला काही नसायचं. आता त्या शेडमध्ये जा. कुठला खिळा कुठं आहे मला माहितीये. कुठला वाकडा गेला तेही माहितीये. मला पाचला जाग येते आणि उठावंसं वाटतं. असं मला कधी झालंच नव्हतं, म्हणून त्याला काय म्हणायचं तेही मला कळत नाही."

"मला तरी काय आवडतं खेकडे धरायला? थंडीत? कुणाला विचारतं कुणी?"

"मग तूही सांग ना. तुला काय आवडतं?"

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "उद्या सातला," एवढंच तो म्हणाला आणि बूट काढायला लागला.

सकाळी पाचला ती शेडवर होती. पिंपाखाली जाळ केला. वाफ नळीतून लाकडी पेटीत जायला लागली. पेटीच्या सगळ्या फटींतून पांढरे धागे निघत होते. फळी जाड होती. पावणेदोन तास लागणार होते. ही कण्यालगतची शेवटची फळी, डुकराच्या बदल्यात आलेली. बाहेर काढल्यावर ती जेमतेम दोन मिनिटं मऊ राहते. तेवढ्यात पुढच्या टोकाला पकडून, पीळ देत, फासळ्यांवर दाबून शिकंजे आवळायचे. पुढचं टोक मेस्त्री डाव्या हाताने धरणार होता.

"बस आहे ना आज?" मेस्त्रीने विचारलं. त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं.

"आहे."

"मी थांबवत नाही तुला. हे माझं काम आहे, माझं मी बघेन."

"एका हाताने?"

"हं," म्हातारा म्हणाला.

सात वाजायला आले तेव्हा तिने पेटीचं दार उघडलं. दोघांनी गोणपाटाच्या चिंध्यांनी फळी धरून बाहेर ओढली. ती गरम, जड, ओल्या चामड्यासारखी लवत होती. मेस्त्रीने पुढचं टोक फासळीला टेकवलं, एदुविनाने मागून पीळ द्यायला अंग टाकलं. फळी वळली, आणखी वळली, आणि मग पुढचं टोक म्हाताऱ्याच्या हातातून निसटायला लागलं. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. उजवा हात वर येईना.

तेवढ्यात वळणावर बसचा भोंगा वाजला. शेडच्या तोंडाशी नोल्बेर्तो उभा होता, हातात तिचा वाळलेला कोट.

"एदु, बस..."

"पुढचं टोक धर," ती म्हणाली.

"बस थांबलीय."

"फळी थांबणार नाही. धर."

त्याने म्हाताऱ्याचा चेहरा बघितला, निसटतं टोक बघितलं, आणि कोट खाली टाकून दोन्ही हातांनी फळी पकडली. हाताला चटका बसला तसा ओरडला, पण सोडली नाही.

"दाब. खांदा लाव. पायाने ओंडक्याला रेट." एदुविना एकेक शिकंजा आवळत पुढे येत होती, पहिला, दुसरा, तिसरा. फळी कुरकुरत फासळ्यांवर बसत गेली. वळणावर भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. पाचवा शिकंजा. सहावा. शेवटचा तिने नोल्बेर्तोच्या हातांच्या मधून घालून आवळला, तेव्हा दोघांची तोंडं वीतभर अंतरावर होती आणि दोघांच्याही नाकावरून घाम गळत होता.

"सोड आता."

त्याने हळूच हात काढले. फळी हलली नाही. कण्यापासून होडीच्या पुढच्या टोकापर्यंत एकच वळण, मध्ये कुठे पोट नाही, खळगा नाही. बस टेकडी चढत असल्याचा आवाज आला आणि झाडीत गेला.

नोल्बेर्तो तळहात फुंकत होता. त्याने ते वळण इकडून बघितलं, तिकडे जाऊन तिकडून बघितलं. "हे आधी सरळ होतं?" तो म्हणाला.

"सात मीटर सरळ."

"डुक्कर असं कधी वाकलं नसतं," तो म्हणाला, आणि मेस्त्री इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

नोल्बेर्तोने कोट उचलला, भुसा झटकला आणि तिच्या खांद्यावर टाकला. "मी आता जास्त खेकडे धरतो," तो म्हणाला. "दक्षिणेच्या खाचेत आणखी आठ सापळे टाकतो. पण पोरीला फोन तू करायचा. मी नाही सांगणार." संध्याकाळी तिने फोन केला. पोरीने लाँचचा फोटो मागितला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या भरतीला लाँच पाण्यात घातली. पहाटे उजाडताच सगळी वाडी आली. ओंडक्यांवरून दोन बैलजोड्यांनी ओढली. ती पाण्याला टेकली, डुलली आणि तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नव्या लाकडात पहिले काही तास पाणी येतंच. लाकूड फुगलं की सांधे मिटतात. एदुविना बादली घेऊन आत बसली.

दहा वाजले तरी पाणी येतच होतं. पन्नास बादल्या झाल्या, साठ झाल्या. किनाऱ्यावरचे लोक गप्प झाले. एराल्दो पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा होता.

"ही लाँच आहे का चाळण?" तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझी चूक झाली. काटे काढणारीला होडी बांधायला दिली."

एदुविनाने आणखी एक बादली बाहेर ओतली. ती म्हणाली, "ओहोटी येऊ दे. वाळूवर बसली की बघते."

दुपारी पाणी ओसरलं आणि लाँच वाळूत टेकली. एदुविना पाठीवर झोपून तिच्याखाली सरकली. थंड वाळू कोटातून आत शिरत होती. तिने स्वतः ठोकलेले सांधे आधी चाचपले. एकेक घट्ट होता. मग डाव्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात, कण्यालगत बोटं गेली आणि थांबली. रंगाखाली काथ्या सैल होता. हातभर लांब.

तो सांधा तिने ठोकला नव्हता. तो मेस्त्रीने ठोकला होता, शेवटच्या आठवड्यात, हट्टाने. "एक तरी माझा असू दे," म्हणाला होता. ती तेव्हा वरती रंधा मारत होती. तिने आवाज ऐकला होता. भदभद. तिला वाटलं होतं, पुढे वाजेल खणखणीत.

"सापडलं?" बाहेरून एराल्दोने विचारलं.

"सापडलं. छिन्नी द्या."

"कुणाचं काम ते? तुझंच ना?"

तिने उत्तर दिलं नाही. जुना काथ्या आकड्याने ओढून काढायला लागली. लोकांचे पाय तिला दिसत होते, बुटांची टोकं. ती ठोकायला लागली आणि वर कुणीतरी कुजबुजत होतं. मग काठी टेकत आलेले दोन पाय तिच्या डोक्यापाशी थांबले.

"तो सांधा माझा होता, एराल्दो," आब्दोन मेस्त्री म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण कुजबुज थांबली. "माझ्या हातात आता जोर नाही. ते मी हिला सांगितलं नाही, तुलाही नाही. तुला शिव्या द्यायच्या असतील तर मला दे. बाकी सगळी होडी हिची आहे."

एराल्दोने टोपी काढली, पुन्हा घातली. लाँचखाली हातोडा भदभद वाजत राहिला. हळूहळू आवाज बदलत गेला, आणि खणखणीत झाला तेव्हा मेस्त्रीने वरून काठी दोनदा वाळूवर टेकवली. एदुविना थांबली.

संध्याकाळच्या भरतीपर्यंत बहुतेक लोक घरी गेले होते. पाणी लाँचखाली शिरलं, तिला थोडं हलवलं, मग उचललं. एदुविना आत बसली होती. अर्धा तास झाला. तिने तळाची फळकुटं उचलून आत हात घातला, कण्यालगत शेवटपर्यंत नेला, आणि बाहेर काढून बघितला. बादली तिच्या शेजारी रिकामी होती.

एराल्दो किनाऱ्यावर उभा होता. जरा अंतरावर नोल्बेर्तो आणि मेस्त्री एकाच ओंडक्यावर बसून माते पीत होते.

"पाणी?" एराल्दोने हाक दिली.

"नाही."

तो पाण्यात दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "एदुविनाबाई, माझ्या भावाला पण एक पाहिजे. जरा लहान. उद्या येऊ का त्याला घेऊन?"

"उद्या बटाट्यांना माती लावायचीय. परवा या."

"परवा येतो." त्याने दोर हातात घेतला. "ओढू का काठाला? थंडी पडली. उतरा आता."

लाटा लहान होत्या आणि लाँच त्यांच्यावर सावकाश वरखाली होत होती. एदुविनाने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि पाठ नऊ मीटर लांबीच्या त्या लाकडाला टेकवली.

"नको," ती म्हणाली. "जरा वेळ बसते."